गल्लीच्या बाजूची जाळी

टर्फवाला: मग माणूस आत येणार कुठून, साहेब? विमानातून?

वडील: माझ्या खोलीतून. ती सरकती काच दिसतेय ना? तेच कोर्टाचं दार.

टर्फवाला: ती तर तुमची झोपायची खोली.

वडील: झोपायची, कामाची, सगळीच.

टर्फवाला: म्हणजे टेनिस खेळायचं तर आधी तुमच्या पलंगाला वळसा घालायचा! राग मानू नका, साहेब, मी शाळांमधून कोर्टं घातली, बंगल्यांमधून घातली, एकदा तर हॉस्पिटलच्या गच्चीवर घातलं. दार नेहमी जाळीच्या कोपऱ्यात असतं. आज सकाळपर्यंत आम्ही गल्लीतून सामान आत घेत होतो. आता ती बाजूही बांधून काढली. उद्या हे गवत विंचरायला माणूस आला, तर तो यायचा कसा?

वडील: माझ्या खोलीतून. बूट काढून.

टर्फवाला: आर्किटेक्टने अडवलं नाही तुम्हाला?

वडील: पुष्कळ अडवलं. म्हणाला, आधी घर काढू, उरलेल्या जागेत कोर्ट बसवू. मी म्हटलं, उलटं करा. आधी कोर्ट आखा, मग त्याच्या भोवती घर. तीन बाजूंना घर आणि चौथ्या बाजूला जाळी.

टर्फवाला: आणि जाळीपलीकडे गल्ली.

वडील: ते माझ्या हातात नव्हतं.

टर्फवाला: जाळी मात्र तुम्ही म्हणालात तेवढी उंच केलीय. वरूनही टाकलीय. खरं सांगू का, टेनिसला वरून जाळी टाकायला लावणारे तुम्ही पहिलेच. उंच बॉल मारला तर जाळीलाच लागायचा की.

वडील: उंच मारायचाच नाही माझ्या मुलीने. उंच बॉल म्हणजे पळवाट. खेळ कसा खाली ठेवावा, नेटजवळ.

टर्फवाला: तुम्ही खेळलेले दिसता.

वडील: खेळलोय. पण माझ्यासाठी कोणी घर बांधलं नाही. हिच्यासाठी बांधलं.

टर्फवाला: नशीबवान पोरगी. आणि वहिनी? त्या खेळतात का?

वडील: त्या मोठ्या मुलीकडे गेल्यात. बाळंतपणाला.

टर्फवाला: अरे वा! म्हणजे आजोबा होणार तुम्ही. तोंड गोड करा की, साहेब. वहिनी आल्यावर करा, चालेल.

वडील: त्या तिकडेच राहतील.

टर्फवाला: हो, आता थोडे दिवस राहावंच लागतं. पहिलटकरणीला आई जवळ हवीच.

वडील: तिकडेच राहतील. तो कोपऱ्यातला जोड जरा वर आलाय का?

टर्फवाला: कुठे? नाही, साहेब. गोंद ओला आहे अजून. वाळू बसली की सपाट होईल. मी हात फिरवलाय.

वडील: बरं. मग हिला बोलावतो. काम चालू होतं तोवर खाली येऊ दिलं नाही तिला. धूळ, माणसं, उघडी गल्ली. चॅम्पियन! ये खाली! ये, ये. माझ्या खोलीतून ये. हां. चपला तिथेच काढ. बघ.

मुलगी: हिरवं आहे.

वडील: हिरवं आहे म्हणे! ऐकलंत? एवढ्या खटपटीनंतर. अगं, चालून बघ.

मुलगी: पाय भाजतात.

टर्फवाला: उन्हात तापतं ते. खरं गवत नाही ना, तो गारवा त्याला कुठला? खेळायच्या आधी पाणी मारायचं. नमस्कार, चॅम्पियन मॅडम. मी टर्फवाला काका.

मुलगी: नमस्कार, काका. माहितीये. वरून तुमचा आवाज येतो.

टर्फवाला: माझा आवाज पलीकडच्या गावातही जातो. बायको म्हणते, तुम्हाला फोन कशाला हवा?

वडील: क्लबमध्ये काय होतं हिला? नुसतं सिमेंट. गुडघे जायचे. आणि बाकांवर बसून बघणारी टाळकी वेगळीच. आता कुठे जायला नको.

मुलगी: मी फक्त क्लबमध्येच जात होते, बाबा.

वडील: तेच म्हणतोय मी. आता तेही नको.

टर्फवाला: पण समोरून खेळणार कोण? टेनिसला जोडीदार लागतो. भिंतीशी किती खेळणार पोर?

वडील: मी आहे. आणि मी दमलो तर मशीन आहे, बॉल फेकणारं. कालच आणलं. ते न थकता फेकतं आणि गप्पा मारत नाही. थांबा, फोन वाजतोय. मी आत जाऊन बोलून येतो. हिला वाळूवर पाय देऊ देऊ नका.

मुलगी: काका, ही वाळू कशाला?

टर्फवाला: गवताची पाती उभी राहायला. वाळू नसेल तर एका आठवड्यात झोपतात सगळी. मग बॉल उडत नाही. हा मोठा ब्रश असा फिरवायचा, की वाळू मुळाशी बसते. धरून बघायचाय?

मुलगी: बघू. जाळी कसली आहे?

टर्फवाला: नायलॉनची. चांगली जाड आहे. ब्लेडला दाद देत नाही, कटरच लागतो. का गं?

मुलगी: सहज. खाली ही फट का ठेवलीय?

टर्फवाला: पाण्यासाठी. उतार गल्लीकडे दिलाय. पाऊस पडला की पाणी त्या खालच्या पाइपाखालून निघून जाईल.

मुलगी: बॉलही निघून जाईल.

टर्फवाला: आँ?

मुलगी: टेनिसचा बॉल मावतो तिथून. घरंगळत गेला की गेलाच. मग तो आणायला बाबांच्या खोलीतून जायचं, मग पुढच्या दाराने बाहेर पडायचं, मग अख्ख्या घराला वळसा घालून गल्लीत यायचं. आणि पुढच्या दाराला बाबांचा अंगठा लागतो.

टर्फवाला: अंगठा?

मुलगी: कुलूप तसं आहे. अंगठा ठेवला की उघडतं. आधी आईचापण चालायचा.

टर्फवाला: आता चालत नाही?

मुलगी: काढून टाकला. माझा घेतलाच नव्हता.

टर्फवाला: हं. मोठ्या लोकांची मोठी कुलपं. आमच्याकडे कडी आहे, तीपण शेजाऱ्याने हलवली की उघडते. पण बॉलचं तू म्हणतेस ते खरंय. माझ्या लक्षातच आलं नाही.

मुलगी: त्या कोपऱ्यात एक लहान झडप करता येईल? बॉल आणायला?

टर्फवाला: करता येईल की. पाइपाचे तुकडे आहेत, बिजागऱ्या गाडीत पडल्यात. अशी, एवढी केली तर?

मुलगी: जरा मोठी.

टर्फवाला: अशी?

मुलगी: अजून थोडी.

टर्फवाला: अगं, एवढ्या झडपेतून बॉल काय, तू स्वतः जाशील!

मुलगी: जावंच लागेल ना. बॉल काही हाक मारून येत नाही.

टर्फवाला: हा हा! घ्या. पोरगी तोंडाची तिखट आहे. बरं, कडी आतून ठेवतो. बाहेरून कोणी उघडायला नको. उद्या सकाळी निवांत करून देतो.

मुलगी: उद्या नको. आज करा ना. जेवणाच्या आत.

टर्फवाला: खेळायची एवढी घाई?

मुलगी: हो.

टर्फवाला: ठीक आहे. तेवढं साहेबांच्या कानावर घालतो आणि लागतो कामाला.

मुलगी: नको. म्हणजे, मी सांगते त्यांना. तुम्ही सुरू करा.

टर्फवाला: सांग, सांग. तुझंच घर आहे. या साहेब, झाला का फोन? तुमची मुलगी म्हणजे अस्सल हुशार हां! मी इतकी वर्षं या धंद्यात, मला जे दिसलं नाही ते हिने दोन मिनिटांत दाखवलं.

वडील: असं? काय दाखवलं?

टर्फवाला: ती खालची फट. बॉल गल्लीत जाणार म्हणाली. आणि उपायपण तिनेच काढला. त्या कोपऱ्यात एक झडप करायची, बॉल आणायला.

वडील: कुठल्या कोपऱ्यात?

टर्फवाला: त्या. भिंत संपते तिथे.

वडील: केवढी?

टर्फवाला: अशी. जरा मोठीच हवीय तिला.

वडील: आणि कडी कुठून?

टर्फवाला: आतून. आणि आजच हवीय! जेवणाच्या आत! नाद म्हणतात तो हा, साहेब. माझ्या पोराला अभ्यासाचा असा नाद असता तर मी देवाला दुसरं काही मागितलं नसतं.

वडील: हुशार आहे खरी. चॅम्पियन, तू सांगितलंस हे सगळं?

मुलगी: बॉल जातील म्हणून.

वडील: जाऊ देत ना. आपल्याकडे खोकं भरून आहेत.

मुलगी: वाया जातील.

वडील: बाहेर गेला तो गेला. त्याच्यामागे धावत जायचं नाही. हे तुला मी आधीही सांगितलंय, हो की नाही?

मुलगी: हो.

वडील: कधी सांगितलं होतं?

मुलगी: ताई गेली तेव्हा.

वडील: आणि?

मुलगी: आई गेली तेव्हा.

वडील: शाबास. लक्षात आहे. तर झडप नको, आणि ती फटही बुजवून टाका.

टर्फवाला: साहेब, पाण्याचं काय? पाणी साचलं की गोंद सुटेल. जोड उघडे पडतील.

वडील: पाण्याचं मी बघतो. तुम्ही पाइप खाली घ्या आणि जाळी घट्ट बांधा. मी मशीन घेऊन येतो. लगेच खेळून बघू. तू इथेच थांब, चॅम्पियन.

मुलगी: तुम्ही सांगितलंत.

टर्फवाला: अगं, मी तर कौतुकच केलं तुझं.

मुलगी: मी म्हटलं होतं, मी सांगते.

टर्फवाला: चुकलं माझं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे खरंय. पण एवढं काय बिघडलं? एका झडपेसाठी असं तोंड पाडू नये.

मुलगी: आई येते मागे.

टर्फवाला: कुठे मागे?

मुलगी: त्या गल्लीत. रोज दुपारी. मला वरच्या खिडकीतून दिसते. ती हात करते, मी हात करते. मग ती जाते. आज मी तिच्याबरोबर जाणार होते.

टर्फवाला: जाणार म्हणजे?

मुलगी: जाणार होते. झडपेतून.

टर्फवाला: हात्तिच्या. आणि मी वेडा बिजागऱ्या मोजत बसलो. पण वहिनी बाळंतपणाला गेल्यात ना? साहेब तर म्हणाले...

मुलगी: गेली होती. ताईने बाबांना न विचारता लग्न केलं. तेव्हापासून तिचं नाव घ्यायचं नाही घरात. तिचे दिवस भरत आले तेव्हा आई म्हणाली, मी जाते. बाबा म्हणाले, गेलीस तर गेलीस. आईला वाटलं, रागाने बोलतायत. बाळ झाल्यावर परत आली, तर दार उघडेना. किती वेळ अंगठा ठेवत होती. पदराला पुसायची आणि पुन्हा ठेवायची. तिला वाटलं, घाम आलाय म्हणून होतंय.

टर्फवाला: आणि तू?

मुलगी: मी आतल्या बाजूला उभी होते.

टर्फवाला: मग उघडलं नाहीस?

मुलगी: आतूनही बाबांचाच अंगठा लागतो.

टर्फवाला: बापरे. शाळा? शाळेत जातेस ना तू?

मुलगी: घरूनच आहे आता. परीक्षेपुरतं बाबा नेतात आणि बाहेर गाडीत बसून राहतात. फोन त्यांच्याकडे असतो.

टर्फवाला: ओरडायचं की एकदा मोठ्याने! शेजारी आहेत, जग आहे.

मुलगी: ओरडले एकदा. बाबा मारत नाहीत, काका. ते रडायला लागले. माझ्या खोलीबाहेर जमिनीवर बसून राहिले. जेवले नाहीत, आंघोळ नाही. म्हणायचे, तूपण जा, मी इथेच मरतो. शेवटी मीच जाऊन सॉरी म्हटलं.

टर्फवाला: मारत नाहीत ना पण? मग निवळेल गं सगळं.

मुलगी: आईपण असंच म्हणायची. आता म्हणत नाही. नुसता हात करते.

टर्फवाला: हे बघ, पोरी. पाइप खाली घेतला, आता जाळी बांधतोय. मी जमिनीवरचं बघणारा माणूस. घरातल्या भानगडीत पडलो तर उद्या मला कोण दारात उभं करील?

मुलगी: झडप नको. त्या कोपऱ्यातले जाळीचे खालचे बंध नुसते सैल ठेवा.

टर्फवाला: बघतो.

मुलगी: बघतो म्हणजे हो की नाही?

टर्फवाला: बघतो म्हणजे... तुझे बाबा आले.

वडील: हे बघा, हे आमचं मशीन! उचलायला मात्र जड आहे हां. वय झालं आता. चॅम्पियन, बॉल भर यात. आणि तुम्ही, चला, एकदा जाळीवरून हात फिरवून येऊ. नवीन घर आहे. सगळीकडे हात फिरवल्याशिवाय मला झोप येत नाही.

टर्फवाला: मी बघून घेतलंय, साहेब. तुम्ही कशाला वाकताय?

वडील: वाकल्याने काय होतं? इथे ठीक. इथे ठीक. छान ताणलीय. इथेही ठीक. आणि हे? हे दोन बंध मोकळे राहिलेत.

टर्फवाला: राहिलेत, साहेब. करायचेच होते.

वडील: राहिलेत की ठेवलेत?

टर्फवाला: राहिलेत.

वडील: तेच म्हटलं. तुम्हालाही मुलगी आहे का?

टर्फवाला: आहे. धाकटी.

वडील: मग तुम्हाला समजेल. आवळा. अजून. पक्कड घ्या ना, हाताने काय करताय? आता झालं. चल, चॅम्पियन. पलीकडे जाऊन उभी राहा. गुडघे वाकव. मी मशीन सुरू करतोय. पहिला! वा! कसा उडतोय बघा! दुसरा! छान. पाय हलव, पाय. आता बॅकहँड. सुंदर! हे सिमेंटवर कधी झालं असतं? पुढचा. हा का सोडलास? बॉलकडे लक्ष दे. हाही सोडलास. कुठे बघतेस?

मुलगी: आई आलीय.

वडील: समोर बघ.

मुलगी: बाबा, आई आलीय. जाळीला धरून उभी आहे.

वडील: बॉल समोरून येतोय, चॅम्पियन. बॉलला आई नसते. समोर बघ.

मुलगी: तिच्याकडे बाळ आहे. ताईचं बाळ आणलंय तिने.

वडील: हे गुंडाळून ठेवलेलं हिरवं कापड कसलं?

टर्फवाला: ते दुसऱ्या साइटचं आहे. शाळेच्या कोर्टाला बांधायचंय, वारा अडवायला.

वडील: इथे बांधा. गल्लीच्या बाजूने. वरपासून खालपर्यंत.

टर्फवाला: साहेब, आज वारा कुठे आहे?

वडील: गल्ली आहे. माणसं येणार, जाणार. खेळाडूचं लक्ष उडतं.

टर्फवाला: पण तिथे वहिनी उभ्या आहेत. काही मागत नाहीत. नुसतं बाळ दाखवतायत.

वडील: मला काही दिसत नाही.

टर्फवाला: एकदा बघा तरी, साहेब. तुमचं नातवंड आहे.

वडील: तुम्ही कोर्ट घालायला आलात ना?

टर्फवाला: हो.

वडील: मग कोर्ट पुरं करा. नाहीतर तसं सांगा. टर्फवाले काय, ढिगाने आहेत. मला शिडी चढवत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय, नाहीतर मीच बांधलं असतं.

टर्फवाला: साहेब, हे काम मला सांगू नका.

वडील: बांधा हो. मी विनंती करतोय. हिने एकदा बाहेर पाऊल टाकलं, तर या एवढ्या घरात मी एकटा काय करू? सांगा ना. काय करू?

टर्फवाला: कुठून सुरू करू?

वडील: ती उभी आहे तिथून.

टर्फवाला: वहिनी, जरा बोटं काढा जाळीतून. दोरी ओढायचीय, अडकतील. बाळाला पण जरा मागे घ्या. घ्या ना, वहिनी. मी काय करू, मी आपला कामाचा माणूस.

वडील: चॅम्पियन, सर्व्हिस तुझी.

मुलगी: काका, सावकाश बांधा.